नाच कोणामुळे टिकतो?

बऱ्हाणपूरहून खांडव्याच्या वाटेला लागलं की सातपुड्याच्या माथ्यावर असीरगड दिसतो. उत्तरेतून दख्खनेत उतरणाऱ्या फौजांची वाट याच्या नजरेखालून जायची, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. अकबराने १६०० साली त्याला वेढा घातला आणि जानेवारी १६०१मध्ये फारुकी घराण्यातल्या बहादूरखानाकडून तो घेतला. त्यानंतर शंभरेक वर्षं बऱ्हाणपूर हे मोगलांचं दख्खनेतलं मोठं ठाणं होतं. मुमताजमहल इथेच १६३१ साली गेली. शाहजादे, सुभेदार, सरदार यांचे वाडे उठले आणि दरबारासोबत गाणं-नाचणं आलं. औरंगजेब १६५३मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा इकडे आला, तेव्हा हिराबाई जैनाबादी या गायिकेवर त्याचा जीव जडला, ही हकिकत ‘मआसिर-उल-उमरा’ या ग्रंथाने नोंदवली आहे. उतावळी नदीवरचा गुलारा महाल शाहजहानच्या काळातला. गुलारा नावाच्या गाणारणीवरून त्याला ते नाव पडलं असं लोक सांगतात. हिराबाईला गाणं कोणी शिकवलं, गुलाराचा उस्ताद कोण, या महालांतून नाचणाऱ्या बायकांच्या पावलांना लय कोणी दिली, यातलं काहीच या गोष्टींत येत नाही. प्रेमकथा राहिली, इमारत राहिली, तालीम देणाऱ्याचं नाव गेलं. आणि दरबार उठल्यावर बऱ्हाणपूरचा म्हणून ओळखता येईल असा नाचही राहिला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं माझं म्हणणं आहे. नाच टिकतो तो आश्रय देणाऱ्यामुळे नाही आणि एकट्यादुकट्या तेजस्वी नर्तकीमुळेही नाही. कोणीतरी एका जागी पाय रोवून वर्षानुवर्षं शिकवत राहतं, तेव्हा तो टिकतो. म्हणून नाचाचा इतिहास लिहायचा तर तो आधी शिकवणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहायला हवा.

याच प्रदेशाच्या पूर्वेला, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या रायगड संस्थानात काय घडलं ते पाहिलं म्हणजे हे पटायला सोपं जातं. (कोकणातला रायगड वेगळा.) तिथले राजे चक्रधर सिंह स्वतः नृत्य-संगीताचे जाणकार होते, ग्रंथकार होते. १९४७ साली ते गेले तेव्हा वय जेमतेम बेचाळीस होतं. त्यांनी जयपूर आणि लखनौ या दोन्ही घराण्यांचे कथक गुरू दरबारात आणले, इथपर्यंत ते कुठल्याही शौकीन संस्थानिकासारखेच. पण गुरूंकडून नुसत्या मैफिली करवून न घेता त्यांनी आसपासच्या गावांतली मुलं त्यांच्या हाताखाली तालमीला बसवली. कार्तिकराम, कल्याणदास, फिरतू महाराज, बर्मनलाल ही त्यांतलीच नावं. संस्थानं विलीन झाली, दरबार मिटला. पण ही मुलं मोठी होऊन शिकवू लागली होती, म्हणून रायगड घराणं हे नाव आजही कथकच्या वर्तुळात घेतलं जातं आणि कार्तिकरामांनी पुढे भोपाळच्या चक्रधर नृत्य केंद्रात शिष्य घडवले. बऱ्हाणपूरचा दरबार रायगडपेक्षा कितीतरी पटींनी वैभवशाली होता. वैभवाने नाच टिकत असता तर आज बऱ्हाणपूर घराणं असायला हवं होतं.

असीरगडाच्या वेढ्याला नाचाशी जोडणारा आणखी एक धागा आहे, आणि तो थेट पुण्यापर्यंत येतो. अकबर इथे गुंतलेला असतानाच शाहजादा सलीमने उत्तरेत बंड केलं, हा इतिहास आहे. त्या बाप-लेकाच्या वैराभोवती अनारकलीची दंतकथा गुंफून के. आसिफ यांनी १९६० साली ‘मुघल-ए-आझम’ पडद्यावर आणला. त्यातला शीशमहाल आणि मधुबालाचा नाच आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. त्या चित्रपटाचं नृत्यदिग्दर्शन लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांचं होतं, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांना सांगता येईल. शिकवणारा कसा विस्मरणात जातो, याचं हे आपल्या काळातलं उदाहरण. हेच लच्छू महाराज एका मराठी तरुणीला एक तपाहून अधिक काळ कथक शिकवत होते. ती तरुणी म्हणजे रोहिणी भाटे. नृत्यशिक्षक कलेसाठी नेमकं काय करतो, हे समजून घ्यायला मराठी मुलखात त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

रोहिणीताईंचा जन्म १४ नोव्हेंबर १९२४चा, पाटण्याचा. वाढ आणि शिक्षण पुण्यातलं. १९४६ साली त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. आधी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम, मग जयपूर घराण्याच्या सोहनलालांकडे कथक, असा त्यांच्या शिक्षणाचा क्रम होता. १९४७ साली, तेविसावं वर्ष पुरं होण्याच्या सुमारास, त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली. त्या काळच्या पुण्यात हे किती अवघड होतं हे आज सहज लक्षात येत नाही. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने पेटी वाजवली, गाणं म्हटलं तर कौतुक व्हायचं. पायांत घुंगरू बांधले तर घरात आणि दारात प्रश्न उभे राहायचे. कथकला तर तवायफांच्या कोठ्याचा शिक्का चिकटलेला. अशा वेळी आईवडिलांनी आपली मुलगी क्लासला पाठवावी असा विश्वास निर्माण करणं हे पहिलं काम होतं, आणि ते रंगमंचावरच्या टाळ्यांनी होण्यासारखं नव्हतं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शिस्तीत, पैशांसाठी कला स्वस्त न करता जो रोज वर्ग घेतो त्याच्यावरच असा विश्वास बसतो. तो वर्ग त्यांनी अखेरपर्यंत, म्हणजे २००८पर्यंत, साठाहून अधिक वर्षं चालवला.

पण नुसतं दीर्घ काळ शिकवलं म्हणून मी त्यांचं नाव घेत नाही. त्यांच्या कामात शिक्षकाची तीन वेगवेगळी रूपं एकत्र आलेली दिसतात. एक म्हणजे, वर्ग सुरू केल्यावरही त्या शिकत राहिल्या. स्वतःची संस्था असताना त्यांनी लच्छू महाराजांकडे आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडे विद्यार्थिनी म्हणून बसण्यात कमीपणा मानला नाही. कल्याणपूरकरांनी स्वतः जयपूर घराण्याच्या सुंदरप्रसादांकडे आणि लखनौच्या शंभू महाराजांकडे तालीम घेतलेली. त्यामुळे जयपूरचा लयीचा कस आणि लखनौचा नजाकतदार अभिनय ही दोन्ही अंगं रोहिणीताईंच्या शिकवण्यात आली. केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे त्या गाणंही शिकल्या. शिष्येला बोल पढंत करायला लावताना स्वर आणि उच्चार यांचं जे भान लागतं ते त्यांनी असं मिळवलेलं होतं. दुसरं रूप अभ्यासकाचं. ‘कथक दर्पण दीपिका’ हे पुस्तक, ‘माझी नृत्यसाधना’ हे आत्मकथन, कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’वरची आणि ऋग्वेदातल्या उषासूक्तावरची नृत्यरचना, यांतून गुरुमुखातून आलेल्या विद्येला त्या ग्रंथांशी जोडून तपासत होत्या. असं का, हा प्रश्न विचारायला त्यांनी कथकच्या वर्गात जागा करून दिली. आणि तिसरं रूप व्यवस्था उभी करणाऱ्या माणसाचं. तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या खैरागढच्या संगीत विद्यापीठात त्या अभ्यागत प्राध्यापक होत्या. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरू म्हणून त्यांनी शिकवलं आणि तिथला कथकचा अभ्यासक्रम आखण्यात त्यांचा वाटा होता. ज्या नाचाला कोठ्याचा शिक्का होता तो एका माणसाच्या हयातीत विद्यापीठाच्या पदवीपर्यंत पोचला. संगीत नाटक अकादमीचा १९७९चा पुरस्कार, २००६ची रत्न सदस्यता, मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान हे सगळं त्यांना मिळालं. पण मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते असं की शमा भाटे, प्रेरणा देशपांडे अशा त्यांच्या शिष्या आज स्वतः गुरू आहेत आणि आपापल्या वेगळ्या वाटेने शिकवतात. शिष्या गुरूच्या नकला झाल्या असत्या तर परंपरा दुसऱ्याच पिढीत वाळली असती.

शिकवणारा मधून गळला तर काय होतं, याचं उत्तर रोहिणीताईंचे पहिले गुरू आचार्य पार्वतीकुमार यांच्या कामात मिळतं. हे मूळचे मालवणचे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या काळातल्या मराठी नृत्यरचना हस्तलिखितांत जपलेल्या होत्या. सरफोजी दुसरे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या दरबारात नाचासाठी मराठीत साहित्य रचलं गेलं, कथानक गुंफलेली निरूपणं रचली गेली. कागद राहिले. शब्द राहिले, राग-तालांचे उल्लेख राहिले. पण त्या रचना मराठीतून नाचवणारी माणसं उरली नव्हती, त्यामुळे त्या ओळीवर पाऊल कसं पडायचं आणि हात कुठे उठायचा हे सांगणारं कोणी नव्हतं. पार्वतीकुमारांनी त्या रचनांचा अभ्यास केला, त्यांना पुन्हा नृत्याचं शरीर दिलं आणि शिष्यांना त्या शिकवल्या. सुचेता भिडे-चापेकर आणि संध्या पुरेचा यांच्यामुळे पुढे ते काम चालत राहिलं. जपून ठेवलेला कागद नाचाला पुरत नाही, हे इथे स्वच्छ दिसतं. उलट त्याच तंजावर दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम बांधला तो आजवर अखंड चालत आला, कारण ते स्वतः नट्टुवनार होते, म्हणजे शिकवणारे होते, आणि त्यांच्या वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळैंसारख्या गुरूंनी ती तालीम विसाव्या शतकापर्यंत आणून पोचवली. एकाच दरबारातल्या दोन ठेवी. एकीला शिक्षक मिळत गेले आणि दुसरीला मिळाले नाहीत.

इथे कोणी म्हणेल की हे सगळं शास्त्रीय नृत्यापुरतं ठीक आहे. तिथे व्याकरण असतं, घराणं असतं, गुरू लागतोच. लोक करमणुकीसाठी नाचतात तिथे शिक्षकाचं एवढं काय? हा आक्षेप तपासायला पाश्चात्त्य बॉलरूम नृत्यासारखी दुसरी जागा नाही, कारण तो जोडीने नाचायचा, समारंभातला, हौशी माणसांचा नाच. पहिल्या महायुद्धानंतर लंडनच्या नाचघरांत अमेरिकेतून नवं संगीत आलं आणि जो तो मनाला येईल तसा नाचू लागला. एका गावात शिकलेली जोडी दुसऱ्या गावातल्या जोडीदाराशी नाचू शकेना. तेव्हा ‘डान्सिंग टाइम्स’ मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी मे १९२०मध्ये नृत्यशिक्षकांना एकत्र बोलावलं. नृत्यशिक्षकांची इंपीरियल सोसायटी ही संघटना १९०४पासून होती. तिची बॉलरूम शाखा १९२४ साली निघाली. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो, क्विकस्टेप यांची पावलं, वेग, शरीराचा डौल हे सगळं या शिक्षकांनी बसून ठरवलं. त्यांतले एक व्हिक्टर सिल्व्हेस्टर. १९२२ साली ते जगज्जेते नर्तक ठरले आणि शिकवायला लागले. विद्यार्थ्यांना नाचायला योग्य, ठाम वेगाच्या ध्वनिमुद्रिका मिळत नाहीत हे पाहून त्यांनी १९३५ साली स्वतःचा वाद्यवृंदच उभा केला. म्हणजे जगभर आज जो ‘बॉलरूम’ म्हणून नाचला जातो तो कुठल्या राजाने किंवा एखाद्या प्रतिभावंत नटाने बनवलेला नाही. तो शिक्षकांनी बनवला. करमणुकीच्या नाचालाही व्याकरण लागतं, आणि ते देणारा शिक्षकच असतो.

याच्यापुढचा आक्षेप जास्त अवघड आहे. शिक्षकांनी नियम केले की नाच मरतो, असं अनेक जाणकार नर्तक म्हणतात. पाऊल किती अंशांत वळावं हे पुस्तकात आलं की अंगातली ऊर्मी जाते. परीक्षेसाठी पाठ केलेले तोडे-तुकडे ऐकून हे खरंही वाटतं. आपल्याकडच्या परीक्षांतून प्रमाणपत्रं हाती असलेली पण लयीशी मैत्री न झालेली मुलं बाहेर पडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोष नियमांचा नसून नियमांवर थांबलेल्या शिक्षकाचा आहे. याला बॉलरूममधलंच उदाहरण देता येईल. लंडनमध्ये मस्यू पियेर या नावाने ओळखले जाणारे एक शिक्षक रुंबा शिकवत असत. आपण शिकवतो तो रुंबा क्यूबातल्या रुंब्याशी जुळतो का, हे पाहायला ते आणि त्यांच्या नृत्यसाथीदार डोरिस लावेल १९४७ साली हवानाला गेले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की ताल तोच असला तरी पाऊल वेगळ्या मात्रेवर सुटतं. परतल्यावर त्यांनी स्वतः रुजवलेली पद्धत बाजूला ठेवून नवी पद्धत शिकवायला घेतली. त्यावर इंग्लंडच्या नृत्यशिक्षकांत बरीच वर्षं वाद झाला, आणि शेवटी पियेर यांची पद्धत मान्य झाली. आपल्या हयातभराच्या शिकवण्यात चूक निघाली हे जगासमोर मान्य करायला नर्तकाच्या धाडसापेक्षा मोठं धाडस लागतं. संस्थाचालक असूनही नव्या गुरूपुढे बसणाऱ्या रोहिणीताईंची वृत्ती याच जातीची. नियम करणारा शिक्षकच ते मोडून नव्याने बांधूही शकतो, कारण कोणता नियम कशासाठी केला हे त्याला ठाऊक असतं.

आज सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप व्हिडिओचा आहे. मोबाइलवर सगळे नाच आहेत, हवा तिथे थांबवून, मंद करून पाहता येतात. मग शिक्षक कशाला? दुरून नाच शिकण्याची सोय नवी नाही. सिल्व्हेस्टर १९४०च्या दशकात बीबीसीच्या रेडिओवरून पावलं सांगत आणि श्रोते ती कागदावर उतरून घेत. त्याने नृत्यशाळा बंद पडल्या नाहीत. रेडिओ काय आणि पडदा काय, नाच दाखवतो. शिकणाऱ्याकडे पाहत मात्र नाही. तत्कार करताना टाच उशिरा पडते, खांदा ताणला जातो, चक्री घेताना नजर आधी ढळते, हे बघणारा दुसरा माणूसच लागतो, आणि तो त्या शरीराला ओळखणारा लागतो. इझाडोरा डंकनचं उदाहरण इथे बोलकं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपला हलवून सोडणाऱ्या या नर्तिकेच्या नाचाचं चित्रीकरण जवळजवळ नाहीच. तिने १९०४ साली बर्लिनजवळ ग्रुनेवाल्ड इथे मुलींसाठी शाळा काढली, आणि तिथे तयार झालेल्या शिष्यांनी पुढे शिकवलं, म्हणून तिचा नाच आजही नाचता येतो. तिचं आत्मचरित्र ‘मी इझाडोरा’ या नावाने मराठीत आणलं ते रोहिणी भाटे यांनीच. शिकवण्यात आयुष्य घातलेल्या बाईने हेच पुस्तक निवडावं, यात मला आश्चर्य वाटत नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो नैतिक आहे. शिक्षकाला असं मोठं केलं की गुरूबाजी वाढते, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेतो. गंडा बांधून घेऊन वर्षानुवर्षं सेवा करवून घेणारे, खास बंदिश फक्त मुलासाठी राखून ठेवणारे, शिष्याच्या पोटावर आणि मुलींच्या अब्रूवर हक्क सांगणारे गुरू या देशात झाले आहेत. पण हे सगळं अंधारात फोफावतं. विद्या कोणाकडून आली, काय शिकवलं, किती काळ, किती मोबदल्यात, हे जिथे नोंदलेलं नसतं तिथेच गुरू देव बनतो. नोंदणीकृत संस्था, छापलेला अभ्यासक्रम, शिष्यांची यादी, बाहेरचे परीक्षक या गोष्टींनी शिक्षक माणसाच्या मापात येतो. त्याचं नाव आणि काम लिहून ठेवायचं ते त्याची आरती करण्यासाठी नाही. त्याने काय दिलं आणि काय दडवलं, दोन्ही कळावं म्हणून ते लिहायचं. रोहिणीताईंबद्दल आज नेमकेपणाने बोलता येतं, कारण त्यांनी स्वतः लिहिलं आणि शिष्यांनीही जपलं. असं भाग्य फार थोड्या शिक्षकांना लाभतं.

बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ, जळगाव, खांडवा या पट्ट्यात आज गल्लोगल्ली नाचाचे वर्ग आहेत. कुठे कथक आहे, कुठे भरतनाट्यम, कुठे लग्नातल्या संगीतासाठी शिकवला जाणारा चित्रपटनाच, मोठ्या शहरांत साल्सा आणि वॉल्ट्झही. त्यांतले अनेक शिक्षक भाड्याच्या खोलीत, शाळेच्या रिकाम्या सभागृहात, तुटपुंज्या फीवर आयुष्य काढत आहेत. त्यांतले काही सामान्य असतील, काही खरोखर मोठे. कोण कोणता हे आजच ठरवता येणार नाही, पण नोंद नसेल तर पुढेही ते कधीच ठरणार नाही. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुम्हाला किंवा तुमच्या मुलीला नाच शिकवणाऱ्या बाईंकडे किंवा गुरुजींकडे एकदा वही-पेन घेऊन बसा. ते कोणाकडे शिकले, कोणत्या साली वर्ग काढला, त्यांच्याकडच्या बोलांच्या वह्यांत काय काय आहे, कोणते विद्यार्थी पुढे शिकवू लागले, हे विचारून लिहून घ्या. बोल त्यांच्याच आवाजात मोबाइलवर मुद्रित करा. वह्यांच्या प्रती गावातल्या वाचनालयात ठेवा आणि वर शिक्षकाचं पूर्ण नाव लिहा. हे काम शिक्षक हयात असतानाच होऊ शकतं, तेव्हा ते या वर्षी करा.